पशुवैद्यकीय परजीवीशास्त्रज्ञ : काम, शिक्षण आणि आयुष्य – इंदुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरातल्या मराठी घरात मुलाने किंवा मुलीने अकरावीला जीवशास्त्र घेतले, की पहिला विचार माणसांच्या डॉक्टरकीचा होतो, दुसरा दातांच्या, आणि महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे नाव बहुधा नीटचा निकाल हाती आल्यावरच निघते. ज्या विषयात माझे आयुष्य गेले त्या परजीवीशास्त्राचे नाव तर त्यानंतरही निघत नाही. तरीही राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, रामबाग या भागांतले पालक, दूधव्यवसायातले ओळखीचे लोक आणि कुत्री-मांजरे पाळणारे शेजारी गेली कित्येक वर्षे मला तेच ते प्रश्न विचारत आले आहेत. त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहून ठेवत आहे.

पशुवैद्यकीय परजीवीशास्त्रज्ञ म्हणजे नेमका कोण?

जनावराच्या शरीरात किंवा अंगावर राहून त्याच्याच जिवावर जगणाऱ्या जीवांचा अभ्यास करणारा पशुवैद्य, अशी साधी व्याख्या करता येईल. या जीवांत पोटातले, यकृतातले आणि फुप्फुसातले जंत येतात. रक्तात किंवा आतड्यात राहणारे, डोळ्यांना न दिसणारे एकपेशीय जीव येतात. आणि गोचिडी, उवा, पिसवा, खरजेचे किडे, चावणाऱ्या माश्या येतात. जिवाणू आणि विषाणू हे सूक्ष्मजीवशास्त्राकडे असतात, मात्र ही वाटणी विद्यापीठांनी केलेली आहे, गोचिडीला ती माहीत नाही. एकच गोचीड कुत्र्याच्या रक्तात आमचा बबेसिया हा एकपेशीय जीव आणि त्यांचा एर्लिकिया हा जिवाणू अशी दोन्ही बिऱ्हाडे सोडून जाते.

या विषयाचा गाभा ‘जीवनचक्र’ या एका शब्दात आहे. जंताचे औषध कोणत्याही दुकानात मिळते. तो जंत आज जनावराच्या पोटात आहे, शेणात आहे, गवताच्या पात्यावर आहे, गोगलगायीच्या अंगात आहे, की गोठ्याच्या भिंतीतल्या फटीत आहे, हे सांगता येणे हे आमचे काम. कारण औषध केव्हा द्यायचे, कोणाला द्यायचे आणि कधी मुळीच द्यायचे नाही, हे त्या उत्तरावरून ठरते.

म्हणजे जनावरांचे डॉक्टरच ना?

होय, आधी पशुवैद्य आणि मग परजीवीशास्त्रज्ञ. प्राणिशास्त्रात एमएस्सी करून परजीवींवर संशोधन करणारेही आहेत आणि त्यांचे काम मोलाचे आहे, परंतु जनावरावर उपचार करण्याचा अधिकार १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याखाली नोंदणी झालेल्या पदवीधरालाच असतो.

यासाठी काय शिकावे लागते, आणि ते इंदुरात राहून शिकता येते का?

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे विषय असावे लागतात. त्यानंतर नीटच्या गुणांवर पशुवैद्यकाच्या पदवीला प्रवेश मिळतो. हा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असून त्यातले शेवटचे एक वर्ष प्रत्यक्ष काम करण्याचे, म्हणजे इंटर्नशिपचे असते. प्रत्येक शासकीय महाविद्यालयातल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात, त्यामुळे इथल्या मुलाला मुंबईच्या परळला, नागपूरला किंवा आणंदला जाण्याची वाट मोकळी असते. मुंबईचे महाविद्यालय तर १८८६ पासूनचे आहे.

महूचे महाविद्यालय १९५५ साली सुरू झाले आणि आज ते जबलपूरच्या नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. हे विद्यापीठ २००९ साली स्थापन झाले. इंदूरहून महू तास-दीड तासाच्या अंतरावर आहे, त्यामुळे घरून येऊन-जाऊन शिकू, असे अनेकांच्या मनात येते. माझा सल्ला असा, की वसतिगृहात राहावे. रात्री दोन वाजता अडलेली म्हैस येते, तेव्हा जे शिकायला मिळते ते सकाळच्या बसने येणाऱ्याच्या वाट्याला येत नाही.

परजीवीशास्त्र हा विषय पदवीच्या अभ्यासात असतोच. त्यात विशेष प्रावीण्य मिळवण्यासाठी पुढे दोन वर्षांची एमव्हीएस्सी आणि नंतर किमान तीन वर्षांची पीएचडी करावी लागते. पदव्युत्तर शिक्षणासाठी बरेलीजवळच्या इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था सर्वांत नावाजलेली आहे. एक गोष्ट पालकांना स्पष्ट सांगतो: बारावीनंतर दहा-अकरा वर्षे धरून चालावे. चुलतभावाला बावीसाव्या वर्षी नोकरी लागली, ही तुलना या क्षेत्रात उपयोगाची नाही.

कामाचा दिवस कसा असतो?

दिवसाची सुरुवात शेणापासून होते, हे आधीच सांगितलेले बरे. आलेल्या प्रत्येक नमुन्याचा रंग, पातळपणा आणि वास टिपून घेतला जातो. मग थोडे शेण मिठाच्या संपृक्त द्रावणात कालवून गाळतात आणि नळीत काठोकाठ भरून वर काचेचे झाकण ठेवतात. गोलकृमींची अंडी हलकी असल्यामुळे वर तरंगत येऊन काचेला चिकटतात. यकृतातल्या चपट्या जंताची, म्हणजे लिव्हर फ्लूकची अंडी जड असतात, ती तळाशी बसतात, म्हणून त्यांच्यासाठी साध्या पाण्यात शेण पुन्हा पुन्हा धुऊन खालचा गाळ पाहावा लागतो. किती अंडी आहेत हे मोजायचे असेल तर रेघा आखलेली मॅकमास्टरची काचपेटी वापरतात. नेहमीच्या पद्धतीत तीत दिसलेल्या अंड्यांच्या संख्येला ५० ने गुणले की एका ग्रॅम शेणातली संख्या मिळते.

नवशिक्याची पहिली फजिती हवेच्या बुडबुड्याने होते आणि दुसरी परागकणाने. मी स्वतः विद्यार्थिदशेत एका परागकणाचे चित्र काढून, मापे घेऊन, ते नव्या जातीच्या जंताचे अंडे असल्याचे मोठ्या उत्साहाने सरांना दाखवले होते. सरांनी ते पाहिले आणि खिडकीबाहेरच्या बाभळीकडे बोट दाखवले. तोंडी परीक्षेतला ठरलेला प्रश्न मात्र अधिक अवघड असतो: लिव्हर फ्लूकचे अंडे आणि पोटातल्या अँफिस्टोम या दुसऱ्या चपट्या जंताचे अंडे यांतला फरक कोणता? आकार जवळजवळ सारखा, टोपण दोघांनाही. फरक एवढाच, की पहिले पित्ताच्या रंगाने सोनेरी पिवळे दिसते आणि दुसरे काचेसारखे रंगहीन.

दुपारपर्यंत रक्ताच्या काचपट्ट्या येतात. त्या जिम्साच्या रंगाने रंगवून, तेलाच्या भिंगाखाली, एकेक क्षेत्र सरकवत पाहाव्या लागतात. बबेसिया असेल तर तांबड्या पेशीत नासपतीच्या आकाराचे, टोकाशी जुळलेले दोन जीव दिसतात. थायलेरिया हा गोचिडीतून गुरांना लागणारा एकपेशीय जीव असेल तर कानाच्या रक्तापेक्षा खांद्यापुढच्या सुजलेल्या गाठीतून सुईने काढलेला थेंब अधिक बोलका ठरतो, कारण त्या पेशींत कॉखच्या नावाने ओळखले जाणारे निळसर गोळे सापडतात. यासाठी चिकाटी लागते. एका काचपट्टीवर वीस मिनिटे घालवून ‘काही आढळले नाही’ एवढेच लिहायचे आणि ते खात्रीने लिहायचे, हे ज्याला जमते तो या कामात टिकतो. याशिवाय शिकवणे, शवविच्छेदनाला उभे राहणे, गावोगावच्या शिबिरांना जाणे आणि अलीकडे पीसीआरवर डीएनए तपासणे, हेही असतेच.

जंताचे औषध इतके स्वस्त असताना तज्ज्ञाची गरज काय?

हा प्रश्न मला सर्वाधिक वेळा विचारला जातो आणि तो विचारणाऱ्यांत काही पशुवैद्यही असतात. त्यामुळे याचे उत्तर सविस्तर देतो.

१९८१ साली आयव्हरमेक्टिन हे औषध प्रथम जनावरांसाठी बाजारात आले. त्याचे मूळ जपानमधल्या मातीतल्या एका सूक्ष्मजीवात आहे. सातोशी ओमुरा यांनी तो जीव वेगळा केला आणि अमेरिकेतल्या मर्क कंपनीत विल्यम कँपबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा परजीवींवरचा परिणाम सिद्ध केला. कँपबेल हे आयर्लंडमध्ये जन्मलेले परजीवीशास्त्रज्ञ. त्यांना आणि ओमुरांना २०१५ चे वैद्यकाचे अर्धे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि उरलेले अर्धे हिवतापाच्या औषधासाठी तू योयो यांना. एका सुईत पोटातले गोलकृमी आणि अंगावरचे किडे दोन्ही मरतात हे पाहून, आता या विषयात करण्यासारखे काय उरले, असे अनेकांना वाटले. काही विद्यापीठांनी जागा भरणेही सोडून दिले.

पण जंत गप्प बसले नाहीत. शेळ्या-मेंढ्यांच्या चौथ्या पोटात हिमाँकस नावाचा जंत असतो. लाल-पांढऱ्या पिळाचा, जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर लांबीचा हा जंत रोज सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त पितो. आकडा क्षुल्लक वाटतो. पण ५०० जंत असले तर रोजचे २५ मिलिलिटर होतात आणि वीस किलोच्या शेळीच्या अंगात एकूण रक्तच दीड लिटरच्या आतबाहेर असते. याची एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. एवढ्या प्रचंड संततीत औषधाला दाद न देणारे दोन-चार निघणारच. आपण दर तीन महिन्यांनी कळपातल्या प्रत्येक शेळीला तेच औषध, आणि तेही अंदाजाने कमी मात्रेत पाजतो, तेव्हा साधे जंत मरतात, हे दोन-चार उरतात आणि पुढची सारी पिढी त्यांचीच होते. अशा प्रतिकारक्षम हिमाँकसच्या नोंदी आज भारतासह जगाच्या बहुतेक भागांतून झालेल्या आहेत.

म्हणून आता आमचा सल्ला उलटा झाला आहे: सगळ्यांना औषध देऊ नका. ज्या शेळीच्या पापणीची आतली बाजू पांढुरकी दिसते तिलाच द्या; जिची लालभडक आहे तिला राहू द्या, म्हणजे तिच्या पोटातले औषध न लागलेले जंत कुरणावर आपली साधी प्रजा पसरवतील आणि प्रतिकारक्षम जंतांचे एकछत्री राज्य होणार नाही. पापणीचा रंग पाच पायऱ्यांच्या तक्त्याशी ताडून पाहण्याची ही पद्धत दक्षिण आफ्रिकेत तयार झाली. फॅफा मलान या पशुवैद्याच्या नावावरून तिला फॅमाचा म्हणतात. जंत मुद्दाम जिवंत ठेवा, हे शेळीपालकाला पटवणे मात्र औषध विकण्यापेक्षा फार अवघड जाते, असा माझा अनुभव आहे.

इंदूरच्या परिसरात कोणते परजीवी अधिक त्रास देतात?

माळव्याची काळी माती पाणी धरून ठेवते आणि आमच्या विषयाचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. पहिल्या पावसानंतर शेणातल्या अंड्यांतून आठवड्याभरात लागण करणाऱ्या अळ्या तयार होऊन ओल्या गवतावर चढतात. त्यामुळे शेळ्या-मेंढ्यांतला हिमाँकस जुलै ते सप्टेंबर या काळात उसळतो.

लिव्हर फ्लूकची गोष्ट वेगळी आहे. इथे आढळणारी जात फॅसिओला जायगँटिका. तिचे अंडे पाण्यात फुटते, त्यातला जीव पाण्यातल्या गोगलगायीत शिरतो, तिच्यात वाढून पुन्हा पाण्यात उतरतो आणि काठच्या गवतावर कवच करून बसतो. पावसाळा संपून यशवंतसागरसारख्या तलावांचे पाणी मागे हटते, तेव्हा काठावर हिरवेगार गवत उघडे पडते आणि जनावरे नेमकी तेच खातात. यकृतात शिरलेला जंत अंडी घालू लागेपर्यंत तीन-साडेतीन महिने जातात, त्यामुळे दिवाळीच्या सुमारास झालेली लागण शेणात दिसते ती संक्रांतीनंतर. जबड्याखाली पाण्याची थुलथुलीत सूज आलेली म्हैस हिवाळ्याच्या अखेरीला दाखवायला आणतात, आणि पावसाळ्यात औषध पाजले होते की, असे सांगतात. पाजलेले असते हे खरे. पण त्या वेळी हा जंत गोगलगायीच्या अंगात होता. शिवाय अल्बेंडाझोलसारखी नेहमीची औषधे केवळ मोठ्या फ्लूकवर चालतात, कोवळ्यावर नाही.

संकरित गाई पाळणाऱ्यांना थायलेरिया ठाऊक असतोच. जर्सी किंवा होल्स्टीनच्या संकरातल्या गाई आणि वासरे या रोगाने पटकन दगावतात. आपली माळवी किंवा निमाडी गाय बहुधा निभावून नेते. हा रोग हायलोमा जातीच्या गोचिडीमुळे पसरतो, आणि ही गोचीड आयुष्याचा बराचसा काळ जनावरावर काढतच नाही. ती भिंतीच्या फटीत, दगडांच्या सांध्यात राहते. सांवेर रस्त्यावरच्या एका गोठ्यात गाईंवर आठवड्याला फवारा मारूनही उन्हाळ्यात वासरे जात होती. मी तिथे पोहोचलो तोवर चौथे वासरू गेले होते. मालकाला चाकूने भिंतीच्या भेगा उकरून दाखवल्या, तेव्हा मूठभर गोचिडी खाली पडल्या. भेगा सिमेंटने बुजवणे हा तिथला खरा उपचार होता. याउलट बूफिलस ही गोचीड अळीपासून मादीपर्यंत सुमारे तीन आठवडे एकाच जनावराच्या अंगावर काढते, म्हणून तिच्यासाठी अंगावरचा फवारा उपयोगी पडतो. गोचीड कोणती हे न पाहता फवारणे म्हणजे पत्ता न लिहिता पत्र टाकणे होय. थायलेरियावर ब्यूपारवाक्वोन हे चांगले औषध आहे, प्रतिबंधक लसही भारतात तयार होते. दोन्हींची वेळ साधावी लागते.

पारडांतला टॉक्सोकारा जंत आईच्या दुधातून येतो, हे ऐकून लोक थक्क होतात. म्हणून म्हशीच्या पारडाला जंताचे पहिले औषध जन्मानंतर दहाव्या ते सोळाव्या दिवसाच्या दरम्यान द्यावे लागते. तीन महिन्यांचे झाल्यावर देऊ, म्हणणाऱ्याचे पारडू बहुधा तोवर राहत नाही.

वरातीच्या घोड्यांना होणारा सर्रा रोग काय आहे?

सर्रा हा रक्तातल्या ट्रिपॅनोसोमा या एकपेशीय जीवामुळे होतो. हा विषय माझ्या विशेष आवडीचा आहे, कारण रोग उत्पन्न करणाऱ्या ट्रिपॅनोसोमांचा पहिला शोध भारतीय उपखंडातच लागला. १८८० साली पंजाबातल्या डेरा इस्माइलखान येथे ग्रिफिथ इव्हान्स हे वेल्श लष्करी पशुवैद्य घोडे आणि उंट यांच्या या रोगाचा तपास करत होते. आजारी जनावरांच्या रक्तात त्यांना सापासारखे वळवळणारे जीव दिसले. ते रक्त निरोगी जनावरांना टोचून त्यांनी रोग उत्पन्न करून दाखवला, तरीही वरिष्ठांनी बरीच वर्षे त्यांचे म्हणणे मानले नाही. इव्हान्स पशुवैद्य होते, त्याचबरोबर माँट्रियलमधून माणसांच्या वैद्यकाची पदवी घेतलेलेही होते. ते पूर्ण शंभर वर्षे जगले, १८३५ ते १९३५, आणि ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी या नावात आपले नाव रुजलेले त्यांना पाहायला मिळाले. आमच्या व्यवसायात मान उशिरा मिळतो, दीर्घायुष्य असले तर बरे, असे मी विद्यार्थ्यांना गमतीने सांगत असे.

हा रोग मोठ्या चावऱ्या माश्या पसरवतात, म्हणून पावसाळ्यात आणि त्यानंतर त्याचा जोर असतो. अधूनमधून येणारा ताप, पायांवरची सूज, खाऊनही खंगत जाणे ही लक्षणे आहेत. लग्नसराईत घोडी दमली असेल असे समजून मालक थांबतात आणि तेवढ्यात वेळ निघून जाते.

या क्षेत्रात मराठी माणसांचे काम आहे का?

आहे, आणि ते विस्मरणात गेले आहे. आजची इज्जतनगरची संस्था १८८९ साली पुण्यात एका जिवाणुशास्त्रीय प्रयोगशाळेच्या रूपाने सुरू झाली आणि १८९३ मध्ये कुमाऊंतल्या मुक्तेश्वरला हलली. म्हणजे देशातल्या पशुवैद्यकीय संशोधनाचे पहिले बिऱ्हाड मुळा-मुठेच्या काठी होते. पुढे भारतातल्या पाळीव जनावरांच्या कृमींची पद्धतशीर मांडणी करणारा ग्रंथ १९३५ साली निघाला तो जी. डी. भालेराव यांचा. हाताने काढलेली रेखाचित्रे आणि मिलिमीटरमधली मापे एवढ्या सामग्रीवर त्या काळी जंतांच्या जाती ओळखल्या जात असत. आजही एखादा चपटा जंत ओळखताना अडले, तर डीएनएच्या अहवालासोबत जुन्या वर्णनांशी ताडून पाहावे लागतेच.

कोबीतला किडा डोक्यात जातो, हे खरे आहे का?

इंदुरात ही समजूत इतकी घट्ट आहे की काही घरांत पत्ताकोबी येतच नाही. कोबीत दिसणारी हिरवी अळी ही एका पतंगाची अळी असते. ती चुकून शिजून पोटात गेली तरी मेंदूत जात नाही. मेंदूत गाठी करणारा जीव म्हणजे डुकरातल्या पट्टकृमीची अळी. हा पट्टकृमी माणसाच्या आतड्यात राहतो, त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात, आणि ती सांडपाण्यातून भाजीला, न धुतलेल्या हातांना किंवा पाण्याला लागून दुसऱ्याच्या पोटात गेली, की त्यातून निघालेल्या अळ्या रक्तावाटे मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. तेव्हा दोष कोबीचा नाही. कोथिंबीर, मुळा, गाजर कच्चे खाताना भीती वाटत नाही आणि शिजवलेल्या कोबीची वाटते, हे उलटेच झाले. शाकाहारी घरातही हा आजार होतो, त्याचे कारण वरच्या साखळीत आहे.

घरात मांजर आहे आणि सून गरोदर आहे. मांजर सोडून द्यावे का?

सोडून देण्याची आवश्यकता नसते. टॉक्सोप्लाझ्मा या एकपेशीय जीवाची अंडी मांजराच्या विष्ठेतून पडतात हे खरे, परंतु ती बाहेर पडल्यावर लागण करण्याजोगी व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून मांजराची वाळूची परात रोजच्या रोज साफ करावी आणि ते काम सुनेऐवजी मुलाने किंवा सासऱ्यांनी करावे. बागेतली माती उकरताना हातमोजे घालावेत, मांस नीट शिजवावे, भाजी धुवावी, आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना घरात मांजर असल्याचे सांगावे.

कुत्र्याच्या बाबतीत नियमित जंतनाशक आणि गोचीडनियंत्रण पाळावे. कोली आणि त्याच्या जवळच्या जातींच्या काही कुत्र्यांत एक आनुवंशिक दोष असतो, त्यामुळे आयव्हरमेक्टिनची मोठी मात्रा त्यांच्या मेंदूत उतरून ते दगावू शकतात. म्हणून दुकानातून गाईचे इंजेक्शन आणून कुत्र्याला टोचण्याचा उद्योग कधीही करू नये.

हे काम घाण वाटत नाही का? घरच्यांना कसे चालते?

सुरुवातीला वाटते. आमच्या आजीचे सोवळे कडक होते. मी महूहून आलो की अंगणातल्या नळावर आंघोळ झाल्याखेरीज उंबरठा ओलांडू देत नसे. तिला मी एकदा सांगितले, की गाईच्या शेणाने तू घर सारवतेस आणि मी तेच शेण काचेवर ठेवतो, फरक तो काय? ती म्हणाली, मी त्यात किडे शोधत नाही. याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

काही धोके आहेत का?

आहेत, आणि बहुतेक निष्काळजीपणाचे आहेत. कुत्र्याच्या विष्ठेतल्या एका लहानशा पट्टकृमीच्या अंड्यांमुळे माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याची गाठ होऊ शकते, म्हणून हातमोजे आणि साबण यांना पर्याय नाही. मोठ्या गोलकृमींवर वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांना त्यांची तीव्र अॅलर्जी होते, इतकी, की त्या जंतांची बरणी उघडली तरी शिंका आणि दम लागतो. लाथ आणि शिंग हे तर सर्वच पशुवैद्यांचे सोबती आहेत.

नोकरी कोठे मिळते आणि पगार किती?

पदवीनंतर राज्य लोकसेवा आयोगामार्फत पशु चिकित्सा सहायक शल्यज्ञ म्हणून शासकीय सेवेत जाता येते, आणि अनेकजण तेथेच स्थिरावतात. शिक्षक व्हायचे असेल तर पदव्युत्तर पदवी आणि नेट लागते. सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ५७,७०० रुपयांपासून सुरू होते, त्यावर भत्ते वेगळे. भारतीय कृषी संशोधन परिषदेत शास्त्रज्ञ होण्यासाठी कृषी वैज्ञानिक भरती मंडळाची परीक्षा असते आणि तीत पशुवैद्यकीय परजीवीशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे. हिसारचे अश्व संशोधन केंद्र आणि मथुरेजवळच्या मखदूमची शेळी संशोधन संस्था येथेही या विषयाला स्थान आहे. औषध आणि लस कंपन्या, कुक्कुटपालन उद्योग, सैन्यातली रिमाउंट व्हेटर्नरी कोअर हे आणखी मार्ग आहेत. कोंबड्यांतल्या कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या रोगामुळे पोल्ट्रीवाल्यांना आमची आठवण सरकारपेक्षा लवकर येते आणि तेथला पगारही अनेकदा अधिक असतो. अडचण एवढीच, की विद्यापीठांतल्या जागा कधी निघतील हे सांगता येत नाही, आणि पीएचडी होऊन तीन-चार वर्षे कंत्राटी कामावर काढलेले हुशार विद्यार्थी मी पाहिले आहेत. ज्याला ताबडतोब निश्चिती हवी असेल त्याने आधी शासकीय सेवा धरावी.

मुलीने हा विषय घ्यावा का?

अवश्य घ्यावा. माझ्या शेवटच्या काही वर्गांत मुली संख्येने मुलांच्या बरोबरीला आल्या होत्या आणि काचपट्टीवर बसण्याची चिकाटी त्यांच्यात अधिक दिसली.

वन्यप्राण्यांशी या विषयाचा संबंध येतो का?

येतो, आणि मध्य प्रदेशात तर विशेषच येतो. २०२२ च्या सप्टेंबरात नामिबियातून पहिले आठ चित्ते कुनोत आले. २०२३ च्या पावसाळ्यात काही चित्त्यांच्या मानेवर, गळ्यातल्या रेडिओ पट्ट्याखाली ओल धरून जखमा झाल्या, त्यांत माश्यांनी अंडी घातली, अळ्या पडल्या आणि रक्तात जंतुसंसर्ग पसरून चित्ते दगावले. दक्षिण गोलार्धातल्या चित्त्याच्या अंगावर तिकडच्या हिवाळ्यासाठी दाट केस येतात, आणि इकडे त्याच महिन्यांत मुसळधार पाऊस असतो; माशीला याहून चांगली संधी कोणती? गाईच्या जखमेत किडे पडणे खेड्यातल्या कोणत्याही गुराख्याला परिचित आहे. २०१८ साली गीरच्या सिंहांच्या मृत्यूंचा तपास झाला तेव्हा डिस्टेंपर विषाणूबरोबर गोचिडीतून येणाऱ्या बबेसियाचेही नाव पुढे आले. ज्याला वाघ-सिंहांवर काम करायचे आहे त्याने गाई-म्हशींच्या गोचिडी आधी नीट शिकाव्यात, असे मी आग्रहाने सांगतो.

शेणखतातून जंत पसरतात का?

ताज्या शेणातून पसरतात, नीट कुजलेल्या खतातून नाही. याबाबतीत इंदूरचे नाव जगाला माहीत आहे, इंदूरकरांनाच कमी. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ पासून १९३१ पर्यंत इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत, म्हणजे आजच्या कृषी महाविद्यालयाच्या आवारात, शेण, काडीकचरा आणि माती यांचे थर रचून खत करण्याची पद्धत बसवली. ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. हॉवर्ड यांचे लक्ष पिकांवर होते. परंतु असा ढीग आतून साठ अंशांच्या आसपास तापतो आणि त्या उष्णतेत जंतांची अंडी व अळ्या टिकत नाहीत. बाहेरचा थर मात्र थंड राहतो, म्हणून ढीग उलथून बाहेरचे आत घालणे महत्त्वाचे आहे. चाऱ्याच्या शेतात ताजे शेण टाकणारा आपल्याच जनावरांना जंत परत वाढतो.

तपासणीसाठी नमुना कसा पाठवावा?

शेण सकाळचे, ताजे आणि जमिनीला न लागलेले असावे. हातमोजा घालून थेट गुदद्वारातून घेतलेले सर्वांत उत्तम. लिंबाएवढा गोळा पुरतो. डबी काठोकाठ भरावी, म्हणजे आत हवा कमी राहून अंडी फुटणार नाहीत, आणि थंड जागी ठेवून चोवीस तासांत पोहोचवावी. बर्फात गोठवू नये. रक्ताची काचपट्टी ताप चढलेला असताना आणि औषध देण्यापूर्वी घ्यावी, हवेत वाळवावी आणि माश्यांपासून झाकून ठेवावी, कारण माशी ती चाटून जाते. गोचिडी बाटलीत ओलसर कापसासोबत जिवंत पाठवाव्यात. सोबतच्या चिठ्ठीत जनावराचे वय, मागचे औषध कोणते आणि कोणत्या तारखेला दिले, पाणी विहिरीचे की तलावाचे, हे लिहावे. आणि हे सारे पेन्सिलीने लिहावे. ओल लागली की शाई पसरते आणि मग कोणत्या म्हशीचे शेण कोणत्या डबीत आहे, हे कोणालाच सांगता येत नाही.